कुत्र्याने न ऐकलेला कर्णा

आमचे खापा हे कन्हानच्या काठचे, विणकरांचे गाव. इथला माणूस कापड घेताना दुकानदाराच्या बोलण्याकडे फारसे लक्ष देत नाही. पदर चिमटीत धरतो, जरासा चुरगळतो, उजेडाकडे करून विणीतून पलीकडे पाहतो आणि मगच भाव विचारतो. अशा गावात राहून मला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटत आले आहे. जिचा सारा गुण कानांसाठी, ती वस्तू माणसे शंभराहून अधिक वर्षे कानांना न विचारताच विकत घेत आली आहेत.

1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यास गोहरजान प्रभृती कलावंतांचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतले. त्यावरून विकाऊ तबकड्या निघाल्या त्या जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणारी कलकत्त्यात, कारखाना हॅनोव्हरात, आणि ऐकणारा कुठल्याशा तालुक्याच्या गावी! त्या ऐकणाऱ्याच्या हाताशी काय असे? एक छापील यादी आणि टपालखाते. आधी पैसे भरायचे आणि मग पार्सल उघडायचे, ही व्ही. पी.ची सोय आपल्याकडे 1877 पासून होती.

मग विश्वास कशावर ठेवायचा? चित्रावर! कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला तो कुत्रा वाचकांपैकी पुष्कळांनी आजोबांच्या तबकड्यांवर पाहिला असेल. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. निपर नावाचा हा कुत्रा 1895 मध्येच मेला. त्याचे चित्र फ्रान्सिस बराँ याने नंतर काढले, आणि त्यात यंत्र होते ते मेणाच्या नळकांड्यांचे, निराळ्याच जातीचे. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतले, जुने यंत्र पुसवून त्या जागी आपला ग्रामोफोन रंगवून घेतला. म्हणजे ज्या कर्ण्याची ग्वाही हा इमानी प्राणी जगभर देत राहिला, तो त्याने जन्मात ऐकलेला नव्हता.

एडिसनचा बाणा उलटा. आधी ऐका, मग घ्या. 1915 पासून त्याच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव जाहीर परीक्षा मांडल्या. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी यंत्र. दोघे एकत्र गात असता गायिका मध्येच ओठ मिटी, दिवेही मालवीत, आणि आवाज कुणाचा ते लोकांना ओळखू येत नसे. पुढे ॲना केस या गायिकेने सांगून टाकले की आपण आपला गळा यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत होतो. प्रत्यक्ष ऐकूनही गिऱ्हाईक फसते ते असे. दुकानाच्या गालिच्यावर जे गोड वाजते, ते आपल्या फरशीच्या खोलीत तसेच वाजेल याची हमी कोणता दुकानदार देईल?

मला या साऱ्या मंडळींत जवळचा वाटतो तो एडगर विलचर. कलेच्या इतिहासाचा हा पदवीधर, पेशाने मास्तर. 1954 मध्ये त्याने आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्यासह ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली आणि पेटी हवाबंद करून लहानशा ध्वनिवर्धकातून खर्ज काढून दाखवला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात या कंपनीची एक खोली होती. वाटेल तेवढा वेळ बसून ऐकावे; विकत मात्र तिथे काही मिळत नसे! 1958 च्या त्याच्या ए. आर.-3 मध्ये खर्जाच्या पडद्याची लवचीक कड लेप दिलेल्या कापडाची होती. ती कापडाची कड कितीतरी वर्षे टिकली. पुढे सर्वत्र फोम आला, आणि दहा-वीस वर्षांत त्याचा भुसा होऊ लागला. आमच्या विणकरांना हे सांगितले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही.

हे सारे डोक्यात घोळायला कारण माझा भाचा. दोन वर्षे शिकवण्या करून त्याने पैसे साठवले आणि दूरच्या शहरातली एक जुनी विलायती जोडी घ्यायची ठरवली. विकणाऱ्याने मोबाईलवर एक ठुमरी वाजवून पाठवली. “मामा, ऐका तरी!” ऐकली. परंतु तो ध्वनिवर्धकाचा आवाज कसला? मोबाईलच्या कानाने टिपलेला आणि मोबाईलच्याच तोंडाने वदवलेला! मी त्याला म्हटले, “कान राहू दे. डोळे आणि बोटे पाठव.”

मग त्याने मागणी केली. पुढची जाळी काढून छायाचित्रे हवीत. पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी चारी बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबून सांगावे, खरखर लागते का. लागली तर आतले तारेचे वेटोळे लोहचुंबकाला घासते आहे. मीटर लावावा, आठ ओहमच्या ध्वनिवर्धकावर बहुधा सहाच्या आसपास आकडा येतो, काहीच दाखवले नाही तर तार तुटलेली. आणि दोन्ही पेट्यांच्या पाठीवरचे क्रमांक. कारण जोडी म्हणून विकलेल्या पेट्या नेहमीच एका घरच्या असतात असे नाही.

चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी छायाचित्रे आली. क्रमांक लागोपाठचे, मीटरचा आकडा ठीक, खरखर नाही. पण डावीकडच्या पेटीत फोमची कड खालच्या अंगाला जुन्या वहाणेच्या पट्ट्यासारखी तडकलेली. कड नवी बसवता येते. तेवढा खर्च किमतीतून वजा करून सौदा झाला. ट्रकने पार्सल आले, ताईने दारातच दोन्ही पेट्या ओल्या फडक्याने पुसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्या नागपूरला एका कारागिराकडे रवाना झाल्या. दिवाळीपूर्वी देतो म्हणाला आहे. त्या जोडीचा आवाज घरात अजून कुणीच ऐकलेला नाही.