फळ्यावरची नव्वद नावं

फिलाडेल्फियातलं रिट्झ-कार्लटन हॉटेल, तारीख 8 फेब्रुवारी 1936. एका खोलीत फळा मांडला होता आणि त्यावर 90 नावं लिहिली होती. अमेरिकेतल्या कॉलेजांमधून त्या वर्षी बाहेर पडणारे हे फुटबॉलपटू. समोर व्यावसायिक फुटबॉल लीगच्या नऊ संघांची मंडळी. आदल्या हंगामात जो तळाला राहिला त्याने पहिलं नाव उचलायचं, मग त्याच्या वरच्याने, असं करत नऊ फेऱ्या. दिवस संपला तेव्हा 81 नावांना मालक मिळाले होते. खेळाडू वाटून घेण्याच्या या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात.

गंमत अशी, की खोलीतल्या बहुतेकांनी फळ्यावरच्या बहुतेकांना खेळताना पाहिलेलंच नव्हतं. गावोगाव फिरून खेळाडू हेरणारे स्काउट संघांकडे नव्हते. पूर्णवेळ पगारावरचा पहिला स्काउट, एडी कोटल, हा रॅम्स संघाने नेमला तो दहा वर्षांनी, 1946 मध्ये. तोवर भरवसा होता तो वर्तमानपत्रांवर, मासिकांवर आणि ओळखीपाळखीवर. आज अमेरिकेत कोणता संघ कोणाला घेईल याच्या भाकितांचा ‘मॉक ड्राफ्ट’ नावाचा जो कारखाना चालतो, त्याचं कूळ शोधत गेलं की पाय याच फळ्यापाशी अडखळतात. कारण तो पहिला ड्राफ्ट स्वतःच अर्धा अंदाजपंचे होता.

फळ्यामागचं डोकं बर्ट बेलचं. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा तो मालक. स्टॅन कोस्टका नावाचा मिनेसोटाचा धिप्पाड खेळाडू त्याला हवा होता. बोली चढत गेली आणि कोस्टका ब्रुकलिनच्या संघात गेला. ज्याच्या खिशात जास्त त्याच्याकडे चांगली पोरं, मग तोच जिंकणार आणि त्याचाच खिसा आणखी भरणार, हे चक्र थांबवायचं तर दुबळ्याला पहिला घास द्या, असं बेलने 1935 मध्ये बाकीच्या मालकांना पटवलं. त्या हंगामात तळाला कोण होतं? बेलचाच ईगल्स.

त्याने पहिलं नाव घेतलं जे बरवँगरचं. शिकागो विद्यापीठाचा खेळाडू, पुढे हाइजमन या नावाने गाजलेल्या ट्रॉफीचा पहिला मानकरी. बेलला त्याचा पगार झेपेना, म्हणून त्याने हक्क शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हालासला देऊन टाकले. बरवँगरने दोन वर्षांचे 25 हजार डॉलर मागितले. हालास नको म्हणाला. बरवँगर फोमरबराच्या धंद्यात शिरला आणि व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. ती ट्रॉफी कित्येक वर्षं त्याच्या आत्याच्या घरी दार अडवून ठेवायला वापरत होते.

त्याच खोलीतून न्यूयॉर्क जायंट्सच्या हाती मात्र सोनं लागलं. मालकाचा मुलगा वेलिंग्टन मारा तेव्हा विशीतही नव्हता. परगावची वर्तमानपत्रं आणि फुटबॉलची मासिकं मागवून खेळाडूंची टिपणं काढायचा त्याला नाद. त्या कागदांतून त्याने टफी लीमन्स हे नाव हेरलं. जायंट्सने त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो चेंडू घेऊन धावण्यात सगळ्या लीगमध्ये पहिला आला. आजचा मॉक ड्राफ्टवाला घरबसल्या जे करतो ते त्या पोराने आधीच केलं होतं. फरक एवढाच, की त्याच्याकडे निवडीचा अधिकारही होता.

आता शब्दाकडे. ‘ड्राफ्ट’ आपल्याला बँकेतला आणि मसुद्यातला माहीत. मुळात हा शब्द ओढण्याचा, खेचण्याचा. सक्तीच्या सैन्यभरतीलाही अमेरिकेत तोच वापरतात, आणि फुटबॉलमधला अर्थ त्याला जवळचा आहे: तुम्ही कुठे खेळायचं हे तुम्ही नाही ठरवायचं, ज्याने नाव घेतलं त्याच्याकडे निमूट जायचं. ‘मॉक’चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, अर्थ टवाळी करणं. टवाळीतून नक्कल, नकलेतून लुटुपुटीचं. एमपीएससीची मॉक टेस्ट देणाऱ्या मुलाला हा तिसरा अर्थ पाठ असतो: खऱ्याआधीचा सराव.

पण मॉक ड्राफ्टमधला मॉक सरावाचा नाही, भाकिताचा आहे. या अर्थाचं चांगलं उदाहरण फुटबॉलच्या बऱ्याच आधी अमेरिकी राजकारणात सापडतं. व्हर्जिनिया राज्यातल्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठातले विद्यार्थी 1908 पासून ‘मॉक कन्व्हेन्शन’ भरवतात. ज्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष नाही तो पक्ष यंदा कोणाला उमेदवारी देईल, हे एकेका राज्याचे प्रतिनिधी बनून ठरवायचं. आपल्याला कोण आवडतो ते विचारायचंच नाही; त्या राज्याचे खरे प्रतिनिधी काय करतील ते ओळखायचं. पहिल्याच वर्षी त्यांनी विल्यम जेनिंग्ज ब्रायनचं नाव काढलं आणि पक्षानेही तोच दिला.

इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात आणि मॉक ड्राफ्टचा सगळा घोळ ते एकमेकांत मिसळण्यातून होतो. खेळाडू किती चांगला, हा एक. त्याला कोण, कितव्या क्रमांकावर घेईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मैदानात असतं. दुसऱ्याचं उत्तर असतं 32 संघांच्या बंद खोल्यांत, मालकाच्या लहरीत आणि नोकरी टिकवू पाहणाऱ्या प्रशिक्षकाच्या पोटातल्या गोळ्यात.

पहिल्या प्रश्नावर संघांनी साठच्या दशकात बरीच मेहनत घेतली. डॅलस काउबॉइजचा टेक्स श्रॅम त्याआधी टीव्हीत होता. 1960 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आयबीएमची यंत्रं निकालांची आकडेमोड करताना त्याने पाहिली होती. खेळाडू निवडायलाही हे यंत्र का नको, असं त्याच्या मनात आलं. त्याच्या मदतीला आयबीएमच्या उपकंपनीतून जो संख्याशास्त्रज्ञ आला तो चक्क आपल्याकडचा, अलिगढला शिकलेला सलाम कुरेशी. त्याला क्रिकेट कळायचं; अमेरिकन फुटबॉलचं ओ की ठो माहीत नव्हतं. कदाचित म्हणूनच त्याला खरी अडचण दिसली. यंत्र हा दुय्यम प्रश्न होता, गोंधळ भाषेचा होता. एका स्काउटने ‘चपळ’ लिहिलं की त्याचा अर्थ वेगळा, दुसऱ्याने लिहिलं की वेगळा. मग गुणांची शेकड्यांनी भरलेली यादी गाळत गाळत पाच कसोट्यांवर आणली आणि सगळ्यांना एकाच साच्याच्या प्रश्नावलीत उत्तरं द्यायला लावली. लिहिणाऱ्यांनी शब्द सरळ वापरावेत यासाठी इतका खटाटोप करणारा माणूस मला तरी आवडतो.

संघ शहाणे होत गेले तसे गुप्त होत गेले. याद्या कपाटात गेल्या. आणि जिथे कपाट तिथे फटीला डोळा लावणारे आलेच.

त्यांतला थोर माणूस जोएल बुक्सबाउम. काडीसारखा बारीक, माणूसघाणा, ब्रुकलिनमधल्या एका लहानशा घरात फोन आणि सामन्यांच्या टेपा घेऊन बसणारा. 1978 पासून तो ‘प्रो फुटबॉल वीकली’साठी ड्राफ्टवर लिहू लागला. कोणत्या कॉलेजचा कुठला राखीव खेळाडू डाव्या पायावर कच्चा आहे, हे त्याला तोंडपाठ. बिल बेलिचिकसारखा प्रशिक्षक त्याच्याशी फोनवर बोलत असे. डिसेंबर 2002 मध्ये तो गेला, वय अवघं 48. त्याचा चेहरा वाचकांना क्वचितच माहीत होता.

चेहरा मिळाला तो मेल कायपरला. बाल्टिमोरचा हा पोरगा कॉलेजच्या वयात खेळाडूंचे अहवाल स्वतः लिहून संघांना द्यायचा. बाल्टिमोर कोल्ट्सच्या अर्नी अकोर्सीने त्याला सुचवलं, की हे लोकांना विक, लोक घेतील. लोकांनी घेतलं. तिकडे ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सप्टेंबर 1979 मध्ये सुरू झाली होती. चोवीस तास दाखवायचं काय, हा पेच. त्यांनी लीगकडे ड्राफ्ट दाखवायची परवानगी मागितली. हॉटेलात माणसं नावं वाचतात, ते कोण बघणार, असं मालकांचं मत. तरी 29 एप्रिल 1980 रोजी, मंगळवारी सकाळी, ते प्रक्षेपण झालं. आणि एका नावापासून दुसऱ्या नावापर्यंतची रिकामी मिनिटं भरायला कोणीतरी बोलका हवाच होता. कायपर 1984 मध्ये तिथे पोचला, मागे फिरवलेल्या त्या प्रसिद्ध केसांसह.

दहा वर्षांनी ठिणगी पडली. 1994 च्या ड्राफ्टमध्ये कोल्ट्सला (एव्हाना ते इंडियानापोलिसला गेले होते) क्वार्टरबॅक हवा होता, म्हणजे चेंडू फेकणारा, आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू. पाचव्या क्रमांकावर ट्रेंट डिल्फर उपलब्ध होता. त्यांनी घेतला बचावपटू ट्रेव्ह अल्बर्ट्स. कायपरने थेट प्रक्षेपणात संघाची सालटी काढली. कोल्ट्सचा बिल टोबिन कॅमेऱ्यासमोर येऊन तडकला: हा कायपर कोण लागून गेला? प्रश्न रास्त होता. ना खेळाडू, ना प्रशिक्षक. पण त्या दिवसापासून कायपर कोण हे सगळ्या देशाला कळलं. अल्बर्ट्स दुखापतींमुळे तीन हंगामांत संपला, म्हणून हा किस्सा नेहमी कायपरच्या बाजूने सांगतात. त्याच टोबिनने त्याच दिवशी दुसऱ्या क्रमांकावर मार्शल फॉक घेतला होता आणि तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

मग दुकानं वाढली. ड्राफ्ट वीकेंडला गेला, मग प्राइम टाइमला, मग न्यूयॉर्क सोडून गावोगाव. डेट्रॉइटला 2024 मध्ये तीन दिवसांत सात लाखांवर लोक नावं ऐकायला जमले. मॉक ड्राफ्ट करणाऱ्यांना गुण देण्याचीही पद्धत बसली: खेळाडू पहिल्या फेरीत जाईल हे बरोबर आलं तर एक गुण, संघही बरोबर आला तर आणखी दोन. बत्तिसांना गुणलं की कमाल 96. तिथवर कोणी पोचत नाही, कारण हे मण्यांची माळ ओवण्यासारखं आहे. तिसऱ्या संघाने अनपेक्षित नाव घेतलं किंवा आपली जागा विकली, की पुढची माळ घरंगळते. प्रत्येक निवड अर्ध्या खात्रीने ओळखता येते असं धरलं तरी बत्तीसच्या बत्तीस बरोबर येण्याची शक्यता 429 कोटींत एक.

शिवाय मटक्याचा आकडा लावणाऱ्याला निदान एवढं सुख असतं, की आकडा त्याच्याशी खोटं बोलत नाही. इथे संघ मुद्दाम वावड्या उडवतात. नको त्या खेळाडूला जेवायला बोलावतात, हव्या त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ऐकीव गोष्टींवरून मॉक बनतात, मॉक एकमेकांवरून बनतात, आणि एप्रिलपर्यंत सगळ्यांच्या याद्या भावंडांसारख्या दिसू लागतात. 2025 मध्ये शेड्युर सँडर्स या क्वार्टरबॅकचं असंच झालं. कितीतरी मॉकमध्ये तो पहिल्या फेरीत होता, कायपरचा तर लाडका. खऱ्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं पाचव्या फेरीत, 144 व्या क्रमांकावर, आणि कायपर टीव्हीवर तीन दिवस धुमसत राहिला.

संघ तरी कुठे शहाणे? केड मॅसी आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी जुने ड्राफ्ट तपासले. आधी घेतलेला खेळाडू त्याच जागेवर खेळणाऱ्या, त्याच्यानंतर लगेच घेतलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याचं प्रमाण त्यांना 52 टक्क्यांच्या आसपास आढळलं. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं. आपल्याकडेही आयपीएलच्या पहिल्या वर्षी, 2008 मध्ये, एकोणीस वर्षांखालच्या मुलांचं वाटप ड्राफ्टने झालं होतं. दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतलं आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगलोरला गेला.

तरीही सगळ्यांत बोलकी रात्र मला 2024 ची वाटते. मार्चमध्ये अटलांटा फाल्कन्सने कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा, 18 कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार केला. म्हणजे ती जागा भरली, असं मॉकवाल्यांनी धरलं, आणि आठव्या क्रमांकावर फाल्कन्ससमोर बचावपटूंची नावं लिहिली. कराराला सहा आठवडे झाले होते. डेट्रॉइटच्या व्यासपीठावर आठवं नाव पुकारलं गेलं: मायकल पेनिक्स ज्युनियर, क्वार्टरबॅक. मॉकवाल्यांनी कपाळाला हात लावले. कझिन्सला तरी आधी माहीत असेल ना? त्याला फोन आला होता. फाल्कन्सच्या पाळीचं घड्याळ सुरू झाल्यावर.