गाढवाचा दगड आणि पाच गुंठे

गेल्या पावसाळ्यात काकांचा फोन आला. "रविवारी सही करायला ये. गिऱ्हाईक तयार आहे."

जमीन बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला. फक्त पाच गुंठे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर काकांच्या जोडीला माझं नाव लागलं. पण गावात कुणालाही विचारा, ती जमीन आमची नाही. गुरं पाण्यावर न्यायला आणि गणपती नदीवर न्यायला आजोबांनी ती गावाला दिली होती. तोंडी. कागद नाही.

दिलेली जमीन दिलेलीच राहावी म्हणून आपल्याकडे लोक काय करत आले, हे मी तेव्हा शोधायला लागलो.

आमच्या भागात हा शोध अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी सुरू होतो. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, आणि शिलाहार राजा मांवाणीचं नाव आहे. याच घराण्यातल्या छित्तराजाने १०२६ साली साष्टीतलं एक शेत दान दिलं. त्याचा ताम्रपट भांडुपला सापडला. त्यात शेताच्या चतु:सीमा लिहिल्यात. राजा देतोय, तरी हद्द सांगावी लागते!

अशा ताम्रपटांच्या शेवटी ठरलेले श्लोक असतात. देणारा हजारो वर्षं स्वर्गात राहील, हिसकावणारा नरकात जाईल. ही धमकी शत्रूपेक्षा जास्त आपल्याच गादीवर पुढे बसणाऱ्यांना असायची. दान मोडायची ताकद वारसाकडेच असते. हे वाचताना मला काका आठवले. मग लक्षात आलं, वारस तर मीपण आहे.

संस्कृत कुणाला कळणार? म्हणून गद्धेगळ आले. ठाणे-रायगडात हे दगड आजही शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात दिसतात. वर सूर्य-चंद्र: ते असेपर्यंत दान टिकेल. मध्ये मजकूर. खाली गाढव आणि स्त्री: दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली शिवीच दगडात कोरलेली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल अशी. गुन्हा करणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हेही त्याच दगडावर लिहिलेलं आहे. ते नजरेआड करून त्याचं कौतुक करता येत नाही.

पुढे विनोबा भावे आले. जन्म आपल्याच शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी भूमिहीनांसाठी १०० एकर दिले आणि भूदान सुरू झालं. शाप नाही, फक्त विनंती. लाखो एकर मिळाले. पण त्यातली बरीच जमीन कधी वाटलीच गेली नाही. शब्द मोठा होता, मागची व्यवस्था तोकडी पडली.

ती व्यवस्था कशी असते, हे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवलं. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. आधी अभ्यासगटात चर्चा, मग ग्रामसभा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०१३ मध्ये गावाने आपली शेतीही ग्रामदानात द्यायचं ठरवलं. ग्रामदानात मालकी गावाची होते, कसणारं कुटुंब कसतच राहतं, पण जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. म्हणजे दान टिकवायला शापापेक्षा रोज जागं राहणारं गाव लागतं. आणि कागद.

कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जमिनीचं बक्षीसपत्र नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांच्या सहीचं लागतं. आजोबांचा शब्द कचेरीत उभा राहत नाही.

रविवारी गेलो. काकांना म्हणालो, "विक्रीवर सही नाही करणार. ग्रामपंचायतीच्या नावाने बक्षीसपत्र करूया, त्यावर आत्ता करतो."

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुला मुंबईत पगार आहे. माझ्या पोरीचं लग्न आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या वाट्याची किंमत लग्नासाठी मी हप्त्याने द्यायची, असं आता बोलणं चाललंय. काकी माझ्या बाजूने आहे. कागद अजून झालेला नाही. यंदाचे गणपती मात्र त्याच वाटेने गेले, आणि पुढे काका होते.