डुकराचे मांस : सुरक्षित हाताळणी (यवतमाळ जिल्हा)

बोकड आणि कोंबडीच्या मानाने यवतमाळ जिल्ह्यात डुकराचे मटण खाणारे थोडे आहेत. त्यामुळे त्याविषयी जे बोलले जाते त्यात माहितीपेक्षा किळस अधिक असते. ‘डुकराचे खाल्ले की मेंदूत जंत जातात’ हे विधान त्यापैकीच, आणि ते अर्धेच खरे आहे.

टीनिया सोलियम हा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात राहतो व साधारण 2 ते 7 मीटर वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. उघड्यावरची ती घाण मोकाट डुकराच्या पोटात गेली की अळ्या त्याच्या स्नायूंत पुटी करून बसतात. असे मांस कच्चे राहिले आणि कोणी खाल्ले, तर त्याच्या आतड्यात नवा जंत वाढतो. मेंदूत मात्र थेट काही जात नाही. मेंदूत पुटी होतात त्या अंडी पोटात गेल्याने, म्हणजे जंत असलेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातातून, दूषित पाण्यातून किंवा तशा पाण्यावरच्या कच्च्या कोथिंबीर-मुळ्यातून. म्हणूनच जन्मभर माळ घातलेल्या वारकऱ्यालाही या रोगाने फिट येऊ शकते. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना वर्षांनंतर झटके येऊ लागले, त्यामागे हेच कारण सापडले. अशा 450 रुग्णांचा अहवाल 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदा फिट आली की बाहेरची बाधा शोधत न बसता रुग्णाला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. जंताचे औषध मनाने घेणेही धोक्याचे, कारण मेंदूत पुटी असल्यास त्यानेच झटके येऊ शकतात.

मांस घेताना बांधून पाळलेल्या, पशुवैद्यकाने तपासलेल्या जनावराचे घ्यावे. पुटी भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या, अर्धपारदर्शक, आत पांढरा ठिपका असलेल्या दिसतात. जीभ, जबड्याचे स्नायू, हृदय आणि मांडी या जागा आधी पाहाव्यात. अर्थात थोड्याच पुटी असतील तर त्या नजरेतून सुटतात, तेव्हा खरी भिस्त शिजवण्यावर. जाळावर धरून केस काढताना कातडी करपते, चरबी सुटते आणि तुकडा भाजल्यासारखा वाटतो. आतले मांस मात्र कच्चेच असते. तिथेच उभ्याने खाल्लेला तुकडा सर्वांत वाईट. अखंड तुकड्याच्या मध्यभागी किमान 63 अंश सेल्सियस तापमान येऊन तो तीन मिनिटे तसाच राहावा, खिम्यात 71 अंश यावे. तापमापक घरोघरी नसतो, पण प्रेशर कुकर असतो आणि तो या कामाला उत्तम आहे. पातेल्यात रस्सा करायचा तर हाडाजवळचा जाड तुकडा चिरून बघावा.

मेमधल्या वऱ्हाडी उन्हाचा प्रश्न वेगळा. 32 अंशांवरच्या हवेत मांस, कच्चे असो वा शिजलेले, तासापलीकडे बाहेर ठेवू नये. सकाळी कापलेले मांस दुपारपर्यंत पिशवीत राहिले की साल्मोनेलासारखे जंतू झपाट्याने वाढतात. रात्रीचा रस्सा सकाळी उकळून घेतला म्हणजे झाले, ही समजूतही चुकीची. स्टॅफिलोकोकसचे विष उकळूनही नष्ट होत नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय कांदा-सांभाराला लावू नये.

2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा लोकांनी डुकराचे मटण टाकले, ते विनाकारण. तो श्वासावाटे पसरतो, नीट शिजलेल्या मांसातून नाही. 2020 मध्ये आसामात आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर तर माणसाला होतच नाही, पाळणाऱ्याचा कळप मात्र संपवतो.

रानडुकराची गोष्ट निराळी. पिकाची नासाडी करणारे म्हणून त्याच्यावर शेतकऱ्याचा राग असतो, आणि चोरून मारलेले जनावर वाटून खाल्ले जाते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित असल्याने विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे. शिवाय त्या मांसाची कुठलीच तपासणी झालेली नसते. त्यात ट्रिकिनेला ही सूक्ष्म अळी असू शकते आणि तिच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत.