विहिरीवरून पिकअपवर
आमच्या जुन्नर भागात डिझेल इंजिन आधी आलं विहिरीवर. पिकअप मागून आली. म्हणून तिची दुखणी इंजिनवालेच ओळखत. कोथिंबीर वेळेत नारायणगावला पोचली नाही, तर भाव गेलाच.

थंडीत गाडी चालू होईना, की तात्या आधी धूर बघत. सेल्फ फिरतोय अन् धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. बहुधा एअर धरली. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, फेस जाईस्तोवर हातपंप मारायचा. पांढरा धूर, म्हणजे डिझेल जातंय, पण पेटत नाही. हीटर प्लग बघा. चालू होऊन थडथडली, तर एकेका नोझलचा नट किंचित सैल करत. ज्यानं आवाज बदलला नाही, तोच सिलिंडर मेलेला.

पुढं विहिरीवर विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं भंगारात गेली. तात्यांची विद्या मात्र पिकअपवर टिकली.