रस्ते-संकल्पन आज्ञावलींचे पिढ्यांतर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रस्त्याचे आयुष्य अनेक दशकांचे असते; परंतु ज्या संगणक आज्ञावलीच्या साहाय्याने त्याचे संकल्पन होते, ती बरेचदा त्याआधीच कालबाह्य ठरते. या विसंगतीचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आकडे ते रेषा :
अमेरिकेत १९५६ च्या कायद्यान्वये सुमारे ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे काम हाती घेण्यात आले आणि हाताने करावयाच्या आकडेमोडीचा भार प्रचंड वाढला. या पार्श्वभूमीवर चार्ल्स मिलर व लाफ्लाम यांनी १९५८ मध्ये भूपृष्ठाच्या अंकीय प्रतिरूपाची संकल्पना मांडली. पुढे मिलर यांच्याच पुढाकाराने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘कोगो’ ही निर्देशांक-भूमितीची आज्ञावली साकारली. या पिढीत रस्ता म्हणजे बिंदू व आकडे होते. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील कौंटी परिषदांच्या सहकार्यातून ‘मॉस’ ही प्रणाली पुढे आली. तिने मध्यरेषा, कडा, उतार यांना त्रिमितीतील सलग रेषा मानले.

रेखाचित्र ते प्रतिरूप :
‘ऑटोडेस्क’ या कंपनीच्या ‘लँड डेस्कटॉप’ या आज्ञावलीत आखणीची माहिती रेखाचित्राबाहेरील प्रकल्प-संचिकांत साठविली जात असे. २००० च्या दशकात आलेल्या ‘सिव्हिल थ्रीडी’ने आखणी, लांबीचा छेद, आडवे छेद व भूपृष्ठ परस्परांशी जोडले. आखणी बदलली की त्यावर आधारित छेदही बदलू लागले.

स्थित्यंतरातील हानी :
‘लँड एक्सएमएल’सारख्या सामायिक स्वरूपामुळे आखणी व भूपृष्ठ एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेता येतात. मात्र भराव कोठे संपावा, रुंदी कोठे व का वाढवावी, हे ठरविणारे नियम त्यासोबत जातीलच असे नाही. ते नव्या प्रणालीत पुन्हा रचावे लागतात. भूमिती टिकते, पण तिच्यामागील विचार गळून पडतो. दोन दशकांनंतर रुंदीकरण करणाऱ्या अभियंत्यास वळण दिसते. ते तसेच का घेतले, हे कळत नाही.

निष्कर्ष :
प्रत्येक पिढीने रस्त्याची व्याख्याच बदलली. त्यामुळे पिढ्यांतर हे केवळ संचिकांचे रूपांतर नसून ज्ञानाचे हस्तांतरण आहे. म्हणून जुनी प्रणाली बंद करण्यापूर्वी संकल्पनामागील निर्णय व त्यांची कारणे साध्या लेखी अहवालात नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. असा अहवाल वाचण्यास कोणत्याही विशिष्ट आज्ञावलीची गरज पडत नाही.