कलिंगपट्टणमचं वादळ, मांजराकाठचं सोयाबीन

२८ सप्टेंबर २०२१ ची सकाळ मांजराकाठचा माणूस विसरणार नाही. धरणाचे १८ च्या १८ दरवाजे उघडलेले आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली. लातूर, बीड, धाराशिव, सगळीकडं तेच चित्र.

त्या पावसाची सुरुवात मात्र आठशे किलोमीटर लांब झाली होती. २६ सप्टेंबरला 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी बातमी काय? 'वादळाचा जोर ओसरला.' आम्ही पत्रकारही ती आतल्या पानावर लावून मोकळे झालो.

ओसरला होता तो वारा, पाणी नव्हे. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो, म्हणून ते चहूबाजूंनी दमट हवा ओढून घेतं. जमिनीवर आलं की समुद्राची वाफ मिळणं बंद होतं आणि वारा पडतो. पण गोळा केलेलं बाष्प कुठं जाणार? त्यात सप्टेंबरात मान्सून अजून परतलेला नसतो, अरबी समुद्राकडूनही भर पडत राहते. तेलंगणा ओलांडून हे सगळं मराठवाड्यावर कोसळलं. तरीही संपलं नाही बरं का! उरलेलं वादळ अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा जोर धरला, 'शाहीन' या नव्या नावानं ३ ऑक्टोबरला ओमानवर धडकलं.

आता उलटा अनुभव बघा. जून २०२३. मान्सून ८ तारखेला केरळात, ११ ला रत्नागिरीत आला अन् तिथंच अडकला. अरबी समुद्रातल्या 'बिपरजॉय'नं वारं आणि बाष्प स्वतःकडं ओढलं होतं. १५ जूनला ते कच्छमध्ये जखौजवळ धडकलं. राजस्थानात बाडमेर-जालोरकडं पूर आणि आपल्याकडं पेरण्या खोळंबलेल्या! मुंबईत मान्सून पोचायला २५ जून उजाडला.

एका वादळानं पाणी देऊन बुडवलं, दुसऱ्यानं अडवून. दोन्हींचा डोळा आपल्या गावावरून गेला नव्हता.

म्हणून 'ते किनारपट्टीचं आहे, आपल्याला काय' म्हणू नका. जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ असेल तर पहिल्या सरीवर पेरणीची घाई नको. सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातून पश्चिमेला सरकत असेल तर सोयाबीनची गंजी आधी झाका. आणि प्रशासनानंही वारा पडला म्हणून इशारा गुंडाळू नये. आपल्यासाठी धोका तिथूनच सुरू होतो.