चाळींतला शेजार

राजवाड्यांतील कलहांना बखरकार मिळाले, सरदारांच्या हेव्यादाव्यांना संशोधक मिळाले. परंतु गिरगांवांतील एखाद्या चाळींत दुसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडानें तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडाशीं बारा वर्षें अबोला कां धरला, याची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. असल्या गोष्टींना इतिहास कसला, असें वाचक म्हणतील. आम्हांलाहि पूर्वीं तसेंच वाटत असे. आमचें बालपण अशाच एका चाळींत गेलें, आणि नळावरचा तंटा हा काकडआरतीइतकाच नित्याचा प्रकार असल्यामुळें त्याला कांहीं कारण असेल, अशी शंकाहि आम्हांला कधीं आली नाहीं. पुढें मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा आणि घरबांधणीचा इतिहास वाचतांना हळूहळू ध्यानांत आलें कीं, जीं भांडणें आम्ही कोणा काकूंच्या स्वभावावर लोटीत होतों, त्यांतील निम्मीं तरी इमारतीच्या नकाशांतच आंखून ठेवलेलीं होतीं.

नळापासूनच आरंभ करणें बरें. १८६० पूर्वींची मुंबई विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होती. १८५४ सालीं पाऊस लांबला तेव्हां पाण्याची एवढी टंचाई पडली कीं, गुरेंढोरें शहराबाहेर न्यावीं लागलीं व बाहेरून पाणी आणण्याची व्यवस्था करावी लागली. त्या धास्तींतून विहार तलावाची योजना पुढें आली आणि १८६० सालीं तिचें पाणी शहरांत खेळूं लागलें. पुढें १८७९ त तुळशीची व १८९२ त तानसाची भर पडली. तरी वस्ती पाण्याच्या पुढेंच धांवत होती. कापसाच्या तेजीच्या दिवसांत, १८६४ च्या खानेसुमारींत, मुंबईचीं माणसें ८,१६,५६२ भरलीं. गिरण्या वाढल्या, कोंकणांतून व देशावरून लोक येतच राहिले, आणि त्यांना सामावून घेण्यासाठीं मालकांनीं स्वस्त व लांबट इमारती उभारल्या. एका ओळींत खोल्या, पुढें सामाईक गॅलरी, टोंकाला नळ आणि संडास, हा चाळीचा घाट वाचकांच्या परिचयाचाच आहे.

पालिकेनें पाणी रस्त्यापर्यंत आणलें. तेथून आंत घेण्याचें काम मालकाचें. मालकानें मजल्यावर एक तोटी बसविली आणि भाड्यांत तिची वसुली केली कीं त्याचेंहि कर्तव्य संपलें. आतां सकाळच्या ठराविक वेळांतच येणारें तें पाणी पंधरा-वीस बिऱ्हाडांनीं कसें वांटून घ्यावें, याविषयीं ना पालिकेचा कायदा, ना मालकाचा नियम. तो कायदा बायकांनीं केला, आणि तंडून तंडून केला. ज्याला सातच्या आंत गिरणीच्या दारांत उभें राहावयाचें त्याच्या घरचा हंडा आधीं. बाळंतिणीच्या बिऱ्हाडाला दोन बादल्या जास्त. घरांत ताप असेल तर रांग मोडण्याची मुभा. पाहुणा आला तर पहिल्या दिवशीं सवलत आणि तिसऱ्या दिवशीं टोमणा : “वहिनी, पाहुणे राहायला आले आहेत कीं पाणी भरायला?” सोंवळ्याच्या घरची बाई आपली कळशी लावण्यापूर्वीं तोटी चांगली धुऊन घेई, आणि त्या धुण्यांत गेलेलें पाणी मागें उभी असलेली बाई मनांतल्या मनांत आपल्या हिशेबांतून वजा करी. रात्रीं रांगेंत नुसती रिकामी कळशी ठेवून झोंपायला गेलेल्याचा नंबर धरावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न मात्र आमच्या चाळींत शेवटपर्यंत सुटला नाहीं.

या तंट्यांत एक गोष्ट पाहण्यासारखी असे. कोणतीहि बाई “मला पाणी पाहिजे” म्हणून भांडत नसे. ती पूर्वींच्या निवाड्याचा दाखला देत असे. “गेल्या गौरींच्या वेळीं तुम्हीच म्हणालांत ना, काकू, कीं माहेरवाशिणीच्या बादल्या वेगळ्या?” असा प्रश्न आला कीं काकूंना आपलें जुनें बोलणें नाकारतां तरी येई किंवा त्याला बांधून घ्यावें तरी लागे. उच्च न्यायालयांतील वकील याहून वेगळें कांहीं करीत असतील, असें आम्हांला वाटत नाहीं. फक्त त्यांची फी दांडगी. जेथें कोणाचाच कारभार नव्हता तेथें हे तंटे हाच कारभार होता, आणि तो बराच निगुतीनें चाले.

नळ हें मोठें प्रकरण झालें. गॅलरी, जिना, संडासाची पाळी, वरून ठिबकणारीं ओलीं लुगडीं, खालून येणारा शेगडीचा धूर, हीं लहान प्रकरणें. शिवाय मधल्या भिंती पातळ, पुष्कळ ठिकाणीं नुसत्या फळ्यांच्या. त्यांतून शेजारचा पगार, शेजारची उधारी, मुलीला पाहायला आलेल्यांचा नकार हें सगळें आपसूक इकडे येई, आणि एकदां कानीं आलेल्या गोष्टीवर मत न देणें हें मनुष्याच्या हातीं नाहीं. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणपति बसूं लागला व तो रिवाज पुढें चाळीचाळींतून पसरला, तेव्हां या सभेला वर्षांतून एक रीतसर अधिवेशनहि मिळालें. त्यांतील वर्गणीचे व नाटकांतील भूमिकांचे तंटे पुरुषांचे असत, म्हणून ते सभ्य समजले जात.

येथपर्यंतची हकीकत कोणालाहि हंसण्यावारी नेतां येईल. परंतु याच पातळ भिंतींची कसोटी एकदां फार भयंकर रीतीनें लागली. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. ऑक्टोबरच्या आरंभीं पालिका आयुक्तांनीं जाहीरनामा काढून घरांत शिरण्याचा व रोग्याला इस्पितळांत हलविण्याचा अधिकार घेतला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथींचा कायदा झाला, आणि मार्चमध्यें जनरल गॅटेकर यांच्या समितीकडे कारभार गेला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. कौलें काढून खोल्यांत ऊन घेतलें जाई, सामान जाळलें जाई, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच्. एच्.’ हीं अक्षरें रंगवलीं जात. इस्पितळांत गेलेला माणूस परत येत नाहीं, अशी लोकांची बळकट समजूत होती, व मृत्यूंचें प्रमाण पाहतां ती सर्वस्वीं खोटी म्हणतां येत नाहीं. ऑक्टोबर १८९६ मध्यें गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. मार्च १८९८ मध्यें मदनपुऱ्यांत एका आजारी मुलीला तपासण्याच्या प्रसंगावरून दंगल उसळली. परंतु दंग्यांपेक्षां अधिकाऱ्यांना खरें सतावलें तें निराळ्याच गोष्टीनें. लोक रोगी लपवीत होते.

आतां चाळींत रोगी लपवावयाचा म्हणजे काय, याचा विचार करा. खोली एक, भिंत फळीची. रात्रभर वातांत बडबडणाऱ्या माणसाचा आवाज चार बिऱ्हाडांना ऐकूं जाणारच. नळावर ज्या घरचा एक हंडा कमी भरला तें घर सगळ्यांच्या नजरेंत येणारच. म्हणजे जेथें जेथें रोगी लपविला गेला, तेथें तेथें शेजाऱ्यांनीं तो लपवूं दिला असला पाहिजे. आदल्या आठवड्यांत बादलीवरून जिचा उद्धार केला, तिच्या नवऱ्याविषयीं जिन्यांत उभ्या असलेल्या साहेबाला एक शब्द सांगितला असता तर कायमचें उट्टें निघालें असतें. कोणी तेंहि केलेंच असेल; चहाडखोर माणसें सर्व काळीं असतात. पण लपवालपवीची तक्रार अधिकारी सतत करीत राहिले, यावरून बहुतेकांनीं तोंड मिटून घेतलें असें मानण्यास हरकत नाहीं. जी तोंडें एरवीं मिटत नसत, तींच हीं.

हा शेजारधर्म हितावह होता काय? वाचकांनीं हा प्रश्न विचारणें योग्य आहे, आणि आमचें उत्तर डळमळीत आहे. रोगी घरांत ठेवून त्याचे हाल कमी होत नव्हते, आणि फुप्फुसाचा प्लेग असेल तर अख्खें बिऱ्हाड संकटांत येई. उलट, प्लेग मुख्यतः उंदरावरील पिसवांमुळें पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें, आणि तें सर्वमान्य व्हावयास आणखी बरीच वर्षें जावीं लागलीं. तेव्हां ज्या सक्तीला चुकविण्यासाठीं ही लपवालपवी चालली होती, ती सक्तीहि बऱ्याच अंशीं चुकीच्या शत्रूचा पाठलाग करीत होती. १९०१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ७,७६,००६ भरली. दहा वर्षांपूर्वीं ती ८,२१,७६४ होती.

प्लेगच्या पाठोपाठ १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानें दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, आणि चाळीहि बांधल्या. परंतु आरंभीं पाडण्याचा वेग बांधण्याहून अधिक असल्यामुळें हललेले लोक उरलेल्या चाळींत दाटीवाटीनें शिरले. नळ तेवढाच राहिला.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या शेजाराचें आम्ही एवढें वर्णन करीत आहों, त्याच्या उंबऱ्याबाहेर फार मोठा समाज उभा होता. गिरगांवांतील आमच्यासारख्यांच्या चाळींत अस्पृश्य मानलेल्यांना खोलीच मिळत नसे. मग नळावर भांडण्याचा हक्क कोठला? भांडायला देखील बरोबरीचा नंबर लागतो. सकाळीं संडास झाडून जाणाऱ्या माणसांसाठीं पालिका ‘हलालखोर’ नांवाचा कर घेत असे, पण त्या माणसांना प्यायला पाणी वरून, अंतर राखून ओतलें जाई. तें ओततांना आम्ही लहानपणीं पाहिलें आहे आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें तेव्हां आम्हांला कोणी सांगितलें नाहीं. परळला ट्रस्टच्या चाळींत डॉ. आंबेडकरांचें बिऱ्हाड दोन दशकांहून अधिक काळ होतें. दोन खोल्या, एक संसाराला व एक अभ्यासाला. त्या खोल्यांत राहणाऱ्या विद्वानाला २० मार्च १९२७ रोजीं हजारों माणसांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घ्यावें लागलें, तें नळावरच्या कुठल्याहि तंट्यांत जो प्रश्न कधींच निघाला नव्हता त्यासाठीं.

विहिरींचा वादहि याच सुमाराचा. मलेरियाचे डास विहिरींत वाढतात, असा डॉ. बेंटले यांचा अहवाल १९११ सालीं प्रसिद्ध झाला आणि पालिकेनें विहिरी बुजविण्याचा किंवा झांकण्याचा सपाटा लावला. हिंदु व पारशी रहिवाशांनीं देवधर्माच्या व विहिरींत वसणाऱ्या दैवतांच्या आधारें अर्जांचा पाऊस पाडला. पालिकेच्या सेवेंतील रुस्तम मसानी यांनीं त्यांतूनच विहिरींच्या लोककथांवर एक सुंदर इंग्रजी पुस्तक सिद्ध केलें. तें १९१८ सालीं निघालें. नगरपालिकेच्या टपालांतून वाङ्मय निघाल्याचें दुसरें उदाहरण आम्हांला ठाऊक नाहीं.

१९१८ हें साल आणखी एका कारणानें महत्त्वाचें. महायुद्धांत भाडीं भडकलीं म्हणून त्या वर्षीं भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. पुढें १९४७ च्या कायद्यानें सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण धरून तें गोठविलें. भाडेकरूला संरक्षण मिळालें, मालकाची दुरुस्तीची हौस संपली, आणि शेजाराच्या दृष्टीनें पाहतां सर्वांत मोठा फरक असा झाला कीं, कोणी खोली सोडीनासें झालें. पूर्वीं भांडण विकोपास गेलें तर बिऱ्हाड हलविण्याचा मार्ग असे. आतां भांडणें वारसाहक्कानें सुनांकडे येऊं लागलीं. दरम्यान १९२० सालीं गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दींत सरकारच्या विकास खात्यानें कामगारांसाठीं पन्नास हजार गाळे बांधण्याचा संकल्प सोडला होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, आणि नळ व संडास सामाईक. सिमेंटकाँक्रीट नवें होतें, नकाशा जुनाच. आतां त्या बी. डी. डी. चाळींच्या जागीं मनोरे उठत आहेत, आणि रहिवाशांना पांचशें चौरस फुटांचें, आंत स्वतःचा नळ असलेलें घर मिळत आहे. ज्यांनीं पहाटे तीनला उठून हंडे भरले त्यांना हें सुख मिळालें, याचा आम्हांला मनापासून आनंद वाटतो. चाळींच्या आठवणींनीं गहिंवरणारे बहुधा चाळ लवकर सोडून गेलेले असतात, आम्हीहि त्यांतलेच.

राहतां राहिला तो बारा वर्षांचा अबोला. त्याचें कारण तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेलें एक लुगडें आणि त्याखालीं दुसऱ्या मजल्यावर पसरलेल्या कुरडया, एवढेंच होतें. दोघीहि मानी. पण नळ तळमजल्याचा, दोन्ही मजल्यांना तोच. बोलल्यावांचून चालणार कसें? म्हणून मध्यें एक पोर लागे, आणि तें पोर बहुधा आम्ही असूं. “त्यांना सांग रे, त्यांचा हंडा भरला.” “त्यांना म्हणावें, दिसतें आम्हांला.” दोघी दोन हातांवर उभ्या, आणि आम्ही मध्यें उभे राहून तींच वाक्यें पुन्हां उच्चारीत असूं. यांत कांहीं विनोद आहे, असें आम्हां तिघांपैकीं कोणालाच वाटत नसे. एका उन्हाळ्यांत मोठा नळ फुटून दोन दिवस पाणी आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं पहाटे तोटी गुरगुरूं लागली तेव्हां शाळेला सुटी असल्यामुळें आम्ही गाढ झोंपेंत होतों. त्या दोघी नळावर कांहीं वेळ तशाच उभ्या राहिल्या, म्हणे. मग खालच्या काकूंनीं इकडेतिकडे पाहिलें, आणि कोणीच पोर दिसेना तेव्हां भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “हंडा वाहतोय. उचला आतां.”